पेशंटचं ताट वेगळं नको

मागच्या अंकात हृदयविकारानंतरच्या आहाराबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांनी एकच विचारलंय: काय बंद करायचं? मी हृदयरोग विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तिथेही डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक कागद-पेन घेऊन हेच विचारतात. पेशंटला पोटभर काय घालायचं, असं विचारणारं क्वचितच कुणी भेटतं. म्हणून या वेळी तशी पत्रं आधी घेतली आहेत. तुमच्या डॉक्टरांनी फाइलवर काही वेगळं लिहून दिलं असेल, तर मात्र तेच पाळायचं.

सासऱ्यांचं वय 61. दोन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला. घरी आल्यापासून त्यांना उकडलेला दुधी, मुगाचं पाणी आणि मऊ भात देतोय. तेल-तूप पूर्ण बंद, तिखट बंद. डायबिटीस नाही, किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत. पण वजन 65 वरून 58 किलोंवर आलंय. पायांत जीव नाही म्हणतात, जेवायला बसले की चिडतात. एवढं पथ्य पाळूनही असं का?
— एक सून, कराड

ताई, तुम्ही मनापासून करताय हे पत्रावरून कळतंच. पण सासऱ्यांची उपासमार होतेय. दुधी, मुगाचं पाणी आणि मऊ भात हे दोन-चार दिवसांचं, पोट बिघडल्यावरचं जेवण आहे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो. त्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि उरलेल्या स्नायूला जास्त काम पडतं. त्याच दिवसांत माणूस अंथरुणावर असल्यामुळे मांड्या-पोटऱ्यांचं मांसही झिजतं. सात किलोंमध्ये चरबीबरोबर हे मांसही गेलंय, म्हणून पायांत जीव नाही. आता डॉक्टर रोज चालायला सांगतील, ते कशाच्या बळावर चालणार?

वजनाच्या दर किलोमागे साधारण 1 ग्रॅम, झीज भरून काढायची असेल तर थोडी जास्तच प्रथिनं लागतात. म्हणजे तुमच्या सासऱ्यांना दिवसाला 60 ते 70 ग्रॅम. मुगाच्या पाण्यात ती जवळजवळ नसतातच, ती असतात खाली बसलेल्या मुगात. तो मूग ताटात आला पाहिजे. घट्ट वरणाच्या एका वाटीत 7 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, मटकीच्या किंवा चवळीच्या उसळीत तेवढीच. एका अंड्यात 6, ग्लासभर दुधात 6 ते 7, ज्वारीच्या मध्यम भाकरीत 5-6. दोन वेळा घट्ट वरण, एकदा उसळ, तीन-चार भाकऱ्या, एक आख्खं अंडं आणि एकाचा पांढरा भाग, साय काढलेलं दूध, वाटीभर दही एवढं झालं की हिशेब जुळतो. अंडं चालत नसेल तर पिठलं करा, सोयाबीन वड्या करा. सुरुवातीला एका बैठकीला गच्च जेवू देऊ नका. भरल्या पोटी हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं, काहींच्या छातीत तेव्हाच दुखतं. दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं द्या.

आता तेल. पूर्ण बंद करायची काहीच गरज नाही. फ्रान्समधल्या लिऑन इथे 1988 पासून एक अभ्यास झाला, खास पहिला झटका येऊन गेलेल्या सुमारे 600 रुग्णांवर. त्यातल्या निम्म्यांना भाज्या, फळं, ब्रेड, मासे वाढवायला सांगितलं. लाल मांस कमी केलं, आणि लोणी-क्रीमच्या जागी जवसात असतो तो स्निग्धांश असलेलं मार्गरिन दिलं. 1999 साली अंतिम अहवाल आला तेव्हा या गटात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. या लोकांना कुणी उकडलेलं खायला लावलं नव्हतं. ते चवीने, तेल घालून जेवत होते. बदलला होता तो तेलाचा प्रकार. आपल्याकडे शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी यांपैकी कुठलंही तेल चालेल. माणशी महिन्याला अर्धा लिटर हे माझं माप, आणि ते घरातल्या सगळ्यांसाठी. जवस भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटा, चमचाभर चटणी रोज भाकरीबरोबर द्या. डालडा आणि वारंवार तापवलेलं तळणीचं तेल मात्र घरातून हद्दपार करा. तूप पोळीवर थापायचं नाही. वरणावर पाव चमचा घातलं तर माझी हरकत नाही.

तुमच्या पत्रात तेलाचा, तुपाचा, तिखटाचा उल्लेख आहे. मिठाचा नाही. हे मला दर ओपीडीत दिसतं. तिखट बंद होतं, मीठ तसंच राहतं. खरं तर तिखटाने पित्त होत नसेल तर हृदयाला त्याचा काही त्रास नाही. रक्तदाब चढतो तो मिठाने. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यात कणकेतलं, लोणच्यातलं, पापडातलं, सगळं आलं.

मोजायचं कसं? सकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी एका वाटीत माणशी एक सपाट चमचा मीठ काढून ठेवा. चौघं असाल तर चार चमचे. मिठाचा डबा मग फडताळात वर ठेवून द्या. दिवसभराच्या भाजी-आमटी-कणकेला त्या वाटीतलंच मीठ. संध्याकाळी वाटीत उरलं तर उत्तम, संध्याकाळच्या आमटीआधीच संपलं तर ते कुठे गेलं ते त्याच दिवशी कळेल. दुसरा हिशेब त्याहून सोपा: चौघांच्या घरात एक किलोचं पाकीट किमान 50 दिवस पुरायला हवं. किराणा माल भरताना बघा, कितव्या दिवशी नवीन पाकीट फुटतं.

आणि तुमच्या भागातली एक गोष्ट. कांदा-लसूण मसाल्यात मीठ आधीच असतं. घरी करता तेव्हाही टिकावा म्हणून मूठभर घालता. मसाला घालून वर पुन्हा चवीपुरतं मीठ घातलं की डबल झालं. या वर्षी मसाला कराल तेव्हा सासऱ्यांसाठी नाही, अख्ख्या घरासाठीच बिनमिठाचा करा आणि छोट्या बरण्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा. चहाबरोबरची खारी, बटर, टोस्ट यांतही मीठ आणि वनस्पती तूप दोन्ही असतं. ज्वारीची भाकरी त्या दृष्टीने सोन्यासारखी, बहुतेक घरांत तिच्या पिठात मीठ घालतच नाहीत. आमटीला चव हवी तर आमसूल, लिंबू, भाजलेलं जिरं, ओली हळद, भरपूर कोथिंबीर, लसणाची फोडणी आहेच. पहिले काही आठवडे अळणी लागेल. नंतर जीभ सरावते आणि पूर्वीची भाजी खारट लागायला लागते.

शेवटची विनंती. त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवणं थांबवा. बाकीचे सगळे झणझणीत रस्सा ओरपताहेत आणि कर्त्या माणसापुढे दुधी, तर ते चिडणार नाहीत तर काय करतील? जे पथ्य मी वर सांगितलं ते तुमच्या नवऱ्यालाही हवंय. वडिलांना 61व्या वर्षी झटका आला, म्हणजे मुलालाही धोका आहे. एकच आमटी करा, सगळ्यांनी तीच खा.

आले, लसूण, लिंबू आणि व्हिनेगर उकळून मधात घातलेला काढा रोज घेतला की ब्लॉकेज विरघळतात असा मेसेज आलाय. माझ्या मित्राने तो सुरू करून स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या सोडल्या. मीही सोडू का?
— एक वाचक, नाशिक

नाही. आणि मित्राला आज, हे वाचून होताच फोन करा. स्टेंट नवीन असताना त्यावर रक्ताची गुठळी धरायचा धोका असतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या तो धोका रोखतात. त्या अचानक थांबवल्या तर स्टेंट तडकाफडकी बंद पडू शकतो, आणि तसा झटका अनेकदा जिवावर बेततो. धमनीतला साठा विरघळवणारा कुठलाही काढा नाही. भाजीत लसूण हवा तितका घाला. लसणाच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढू शकतो.

यजमानांची बायपास होऊन तीन आठवडे झाले. मासे आमचं रोजचं जेवण. नातेवाईक म्हणतात सहा महिने मासे नकोत, टाके पिकतात. नारळाचं काय? त्यांना कशाची चवच लागत नाही, पोटही साफ होत नाही.
— एक वाचक, रत्नागिरी

माशांनी टाके पिकत नाहीत, उलट जखम भरायला जे लागतं ते माशांत आहे. छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारेने बांधलेलं असतं, ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. या काळात प्रथिनं कमी पडू देऊ नका. 100 ग्रॅम माशात 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. त्यातही बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे हृदयासाठी सगळ्यांत चांगले, आणि सुरमई-पापलेटपेक्षा कितीतरी स्वस्त. त्यांच्यात ओमेगा-3 हा हृदयाला चांगला स्निग्धांश भरपूर असतो. आठवड्यातून दोन-तीनदा तिरफळ घालून पातळ कालवण करा. रव्यात घोळून तळलेली तुकडी सणासुदीला ठेवा, रोज तव्यावर थोड्या तेलात भाजलेली द्या.

सुक्या मासळीत फरक करा. खारवलेला बांगडा नकोच, भिजवून पाणी टाकलं तरी मीठ पुरतं निघत नाही. नुसत्या उन्हात वाळवलेला जवळा वेगळा. आणताना एक कण जिभेवर ठेवा, खारट लागला तर घेऊ नका.

नारळ तुमच्याकडे सोडता येणार नाही हे मला माहीत आहे, आणि सोडायला मी सांगतही नाही. पण खोबरेल तेलात जवळपास 90 टक्के संपृक्त चरबी असते, तेव्हा फोडणी खोबरेलाची नको. कालवणाला एका नारळाऐवजी अर्धा घ्या आणि दाटपणाला धणे, भाजलेला कांदा वाढवा. भाजीवर चमचाभर ओलं खोबरं भुरभुरलं तर खुशाल. सोलकढीत मात्र एक खोच आहे. बाटलीतलं आगळ मिठात मुरवलेलं असतं. त्याऐवजी आमसुलं भिजवून घ्या, तीही आधी एकदा धुऊन, आणि दुसऱ्या पाण्याचं पातळ दूध घाला.

चव जाणं हे ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतं, काहींना तोंडात धातूसारखी चव येते. काही आठवड्यांत परत येते. तोवर गरम जेवणाचा वास नकोसा होत असेल तर दहीभात, गार केलेलं धिरडं, लिंबू पिळलेली मोडाची मटकी असं कोमट किंवा गार द्या. पोट साफ न होण्याचं कारण बहुधा वेदनाशामक गोळ्या आणि कमी हालचाल. कुंथू देऊ नका. सकाळी पिकलेली पपई, रात्री भिजवलेली दोन अंजिरं, जेवणात पालेभाजी, आणि पाण्यावर बंधन घातलं नसेल तर भरपूर पाणी. तरी जमलं नाही तर डॉक्टरांकडून औषध घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझ्या हार्टचं पंपिंग 30 टक्के आहे. दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय. इथल्या उन्हाळ्यात जीव कासावीस होतो. मीठ सोडून सैंधव आणि लो सोडियम मीठ दोन्ही आणलंय, कुठलं वापरू? नारळपाणी रोज घेऊ का?
— एक वाचक, नागपूर

काका, आधी मिठाचं. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच, रंग आणि खनिजांचा अंश वेगळा. त्याने काही वाचत नाही. लो सोडियम मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. ते निरोगी माणसाला चांगलं, पण पंपिंग कमी असलेल्यांना बहुधा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या असतात आणि त्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. वरून पोटॅशियमचं मीठ आणि रोज नारळपाणी पडलं तर रक्तातलं पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. त्याची आधी काही चाहूलही लागत नाही. तुमच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि ताजा पोटॅशियम-क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, त्यांनी हो म्हटलं तरच. तोवर साधं मीठ, अगदी कमी.

दीड लिटरमध्ये चहा, ताक, वरण, रस्सा, दूध, गोळ्यांबरोबरचं पाणी हे सगळं येतं. पेशंट पाण्याची बाटली मोजतात आणि चार कप चहा विसरतात. सोपी रीत अशी: सकाळी एका बाटलीत दीड लिटर पाणी भरा. चहा प्यालात की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका, वरणाची वाटी घेतलीत की तेवढं ओता. बाटलीत उरेल तेवढंच पिण्यासाठी. रस्सा ओरपायची सवय सोडून भाजी कोरडी केली तर पिण्याला जास्त उरतं. तहान लागते ती बरीचशी खारट आणि गोड खाण्याने, तेव्हा चिवडा, शेव, सरबत टाळलंत तर निम्मी लढाई तिथेच जिंकाल. तोंड कोरडं पडलं की गार पाण्याने चूळ भरा, वेलदोडा किंवा लवंग धरा, बर्फाचा लहान खडा चघळा. तो खडाही मापात धरायचा.

पण पारा 45 ला टेकतो तेव्हा घाम जास्त जातो. हे माप आणि लघवीच्या गोळीचा डोस त्या दिवसांत बदलावा लागू शकतो. एप्रिलमध्येच डॉक्टरांना भेटून विचारून ठेवा. उभं राहिल्यावर चक्कर आली, लघवी फारच कमी झाली तर वाट बघू नका.

आणि वजनकाटा घ्या. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत उभं राहायचं आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. तीन दिवसांत 2 किलोंहून जास्त वाढलं तर ते जेवणाचं वजन नाही, अंगात साठलेलं पाणी आहे. पाय सुजायच्या, रात्री दम लागायच्या आधी काटा सांगतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

बाबा गेले आणि चौथ्या दिवशी आईच्या छातीत कळ आली. अँजिओग्राफीत एकही ब्लॉकेज नाही. डॉक्टर म्हणाले, धक्क्यामुळे हृदय कमजोर झालंय, याला ताकोत्सुबो म्हणतात, भरून येईल. आई 66 वर्षांची आहे. जेवतच नाही. तिला काय देऊ?
— एक मुलगी, पुणे

तुमच्या दोघींच्या दुःखात सहभागी आहे. हा आजार जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये पहिल्यांदा मांडला. पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. त्यासाठी खास असं अन्न नाही. सोनोग्राफीत पंपिंग कमी असेल तोवर मीठ जपायचं आणि डॉक्टरांच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, एवढंच.

खरा प्रश्न तिच्या न जेवण्याचा आहे. ताट वाढून “खा गं” म्हणू नका. तुमचं आणि तिचं पान शेजारी मांडा आणि तुम्ही जेवायला लागा. शेजारणी पिठलं-भात आणून देत असतील तर ते चांगलंच आहे, पिठल्यात प्रथिनं आहेत आणि ते घशाखाली सहज उतरतं. फक्त मीठ बेताचं घालायला सांगा. दर दोन-अडीच तासांनी चार घास पुरेत: मऊ भात-वरण, नाचणीची आंबील, केळं, दूध-पोहे, एखादं उकडलेलं अंडं. रिकाम्या पोटी चहावर चहा होऊ देऊ नका. तेरावं झालं की पाहुणे जातात आणि घर एकदम रिकामं होतं. तेव्हा कुणीतरी दोन्ही वेळा तिच्याबरोबर जेवायला असेल अशी सोय आत्ताच लावा. दोन-तीन आठवड्यांनंतरही अन्न जात नसेल, झोप नसेल, जगण्यात रस नाही असं बोलत असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांनाच सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. तोही उपचाराचाच भाग आहे.

मेटलची झडप बसवली, अ‍ॅसिट्रॉम चालू आहे. पालेभाजी बंद म्हणून सांगितलंय. हिवाळ्यात आमच्याकडे चाकवत, मेथी, शेपू, करडईची भाजी स्वस्त मिळते आणि मला पालेभाजीवाचून जेवण जात नाही.
— एक वाचक, सोलापूर

पालेभाजी बंद करू नका, तिचं माप बांधा. अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करते आणि ते पालेभाज्यांत भरपूर असतं. डॉक्टर तुमच्या नेहमीच्या खाण्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) बघून डोस ठरवतात. उन्हाळाभर पालेभाजी नाही आणि थंडीत रोज जुडी, असं झालं की आयएनआर खाली येतो आणि झडपेवर गुठळी धरू शकते. एकदम सोडली तर तो चढतो. तेव्हा वर्षभर सारखंच: आठवड्यातले तीन दिवस ठरवा, शिजवलेली वाटीभर, तेवढीच. चाकवत असो की मेथी. काही कारणाने माप बदलायचं झालं तर आधी डॉक्टरांना सांगून आयएनआर लवकर करून घ्या.

तापात किंवा जुलाबात चार दिवस जेवण गेलं नाही, अँटिबायोटिक सुरू झालं, कुणी आयुर्वेदिक काढा दिला, तर तेही कळवायचं. या सगळ्याने आयएनआर हलतो. अंगदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी आणायची नाही. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळे-निळे डाग किंवा डांबरासारखी काळी शी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि जाताना आयएनआरची वही बरोबर न्यायची.